हैदराबाद राज्याची पहिली निवडणूक

आपली किल्लारी त्या काळी हैदराबाद राज्याच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी अंमल संपला आणि १९५२ च्या आरंभी येथील प्रजा मतदार झाली. निजाम मात्र अद्याप राजप्रमुखपदी होतेच! निरक्षरांसाठी प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली निराळी पेटी असे. मतपत्रिकेवर खूण न करता ती हव्या त्या पेटीत टाकावयाची. शेतमजूर स्त्रीचे मत माजी जहागीरदाराच्या मताइतकेच मोलाचे ठरले, ही गोष्ट आम्हांस निकालाहून थोर वाटते. १७५ पैकी ९३ जागा काँग्रेसने जिंकल्या. बी. रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले, गृहखाते दिगंबरराव बिंदूंकडे आले. तेलुगू, कन्नड व मराठी मुलखांची ही एकत्र विधानसभा अल्पायुषीच ठरली; १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला.