टरफलाआंतील पिलूं आणि माणसाचा हात

श्रोतेहो, अहेरीच्या परिसरांत, प्राणहितेच्या काठच्या वाडीवस्तींत, कोंबडीवांचून संसार चालणें कठीण. पाहुण्याचें आतिथ्य, देवाचा मान, आठवडी बाजारांतील मीठमिरची, या साऱ्यांची सोय तीच करते. कोंबडी खुडूक झाली, कीं टोपलींत पेंढा घालून तिच्याखालीं अंडीं ठेवावीं आणि एकविसाव्या दिवशीं पिलें मोजावीं, ही पिढ्यांची रीत. आतां विजेवर चालणारीं लहान उबवणीयंत्रें सामान्य गृहस्थासहि घेतां येतात, आणि त्यांच्यासवें एक प्रश्न घरांत शिरतो. टरफलास भोंक पाडून पिलूं आंतच अडलें, चिवचिव करूं लागलें, तर टरफल सोलून त्यास बाहेर काढावें कीं नाहीं? उत्तरासाठीं या विद्येचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे.

कोंबडीवांचून अंडीं उबविण्याची कला फार प्राचीन आहे. मिसर देशांत अंडीं उकिरड्याच्या उबेंत पुरून पिलें काढतात, अशी नोंद ॲरिस्टॉटलनें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत केली. तेथेंच पुढें विटामातीच्या मोठमोठ्या भट्ट्या झाल्या व त्यांत एका वेळीं हजारों अंडीं ठेवूं लागले. उष्णतामापक नव्हता, कारागीर अंडें पापणीस लावून ऊब ओळखीत. रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञानें १७४९ सालीं या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पापणीचें काम उष्णतामापकाकडे सोंपविलें. इंग्लंडांत हीअर्सन यानें १८८१ सालीं उबवणीपेटींत एक लहानशी कुपी बसविली. ऊब वाढली कीं ती फुगे आणि जादा उष्णतेस आपोआप वाट करून देई. आजचीं विजेचीं यंत्रें याच वाटेनें आलेलीं आहेत.

या साऱ्या प्रवासांत माणसानें कोंबडीचीं कामें एकेक करून आपल्याकडे घेतलीं. सुमारें शंभर अंश फॅरनहाइट ऊब राखणें, अठराव्या दिवसापर्यंत अंडीं फिरवीत राहणें, हवा खेळती ठेवणें आणि ओलावा सांभाळणें, हीं तीं कामें होत. पण टरफल फोडणें हें कोंबडीचें काम कधींच नव्हतें. मिसरच्या भट्टींत आई नव्हती, तरी पिलें बाहेर पडत होतीं, यांतच त्याचा पुरावा आहे. ज्या हत्यारानें पिलूं हें काम करतें, त्या चोंचीवरील कठीण टोंकाचें वर्णन विल्यम यॅरेल यानें १८२६ सालीं केलें. पिलूं बाहेर आल्यावर थोड्याच दिवसांत तें टोंक गळून पडतें.

शेवटच्या दिवसांतील क्रम ध्यानांत घेण्यासारखा आहे. पिलूं प्रथम चोंचीनें आंतील पापुद्रा भेदून अंड्याच्या रुंद टोंकाकडील हवेच्या पोकळींत श्वास घेतें. नंतर टरफलास भोंक पाडतें आणि मग बारा ते चोवीस तास स्वस्थ राहतें. पाहणाऱ्यास वाटतें, बिचारें थकलें! परंतु त्याच वेळीं पापुद्र्यांतील रक्त त्याच्या शरीरांत परततें आणि उरलेला बलक बेंबीवाटे पोटांत ओढला जातो. या घटकेस टरफल सोलणें म्हणजे वाहत्या रक्तवाहिन्या फाडणें होय. मारावयाचें कोणाच्याच मनांत नसतें. दयेच्या घाईनेंच जीव जातो.

मग मदत करूंच नये काय? करावी, पण वेळ ओळखून. भोंक पडून चोवीस तास लोटले, पापुद्रा वाळून कातड्यासारखा पिवळट-तपकिरी झाला आणि पुढें चीर पडेना, तर कोमट पाण्यानें भिजविलेल्या कापसानें तो ओला करावा व भोंकाभोंवतीचे टरफलाचे बारीक तुकडे काढावे. रक्ताचा एक थेंब जरी दिसला, तरी हात तत्काळ थांबवावा आणि अंडें पुन्हां उबेंत ठेवावें. शेवटची धडपड पिलाचीच असूं द्यावी.

श्रोतेहो, पापुद्रा वाळतो तो बहुधा आपल्याच हातांनीं. कौतुकानें पेटीचें झांकण वारंवार उघडलें, कीं ओलावा निघून जातो. पाणी घालावयाचें राहिलें, वीज गेली असतां ऊब उतरली, अंडीं फिरविण्यांत खंड पडला, तरी त्याचा परिणाम एकविसाव्या दिवशीं दिसतो. सारींच अडलेलीं पिलें आपल्या दोषानें अडतात असें नव्हे. कांहीं मुळांतच दुबळीं असतात. पण एकाच खेपेस अनेक अडलीं, तर दोष पिलांत न शोधतां गेल्या वीस दिवसांत शोधावा. कोंबडीचें काम आपण पत्करलें आहे. तें नीट करावें. पिलाचें काम मात्र पिलासच करूं द्यावें.