बटाट्याची सेंद्रिय व रूढ पद्धती : लागवड आणि साठवण

प्रथम संज्ञा निश्चित करू. संश्लेषित खते, कीडनाशके व अंकुररोधके यांची मुभा असणारी ती रूढ पद्धती. ही तिन्ही वर्ज्य मानणारी ती सेंद्रिय. साठवणीतल्या बटाट्याला मोड येऊ न देणारे द्रव्य म्हणजे अंकुररोधक. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमानुसार हंगामी पिकासाठी पेरणीपूर्वी जमिनीला २ वर्षांचा रूपांतरकाळ आवश्यक असतो.

या व्याख्यांवरून मूलभूत भेद निघतो. रूढ पद्धतीला दोष उद्भवल्यानंतरही उपाय उपलब्ध असतो. सेंद्रिय पद्धतीला उपाय दोष उद्भवण्यापूर्वीच करावा लागतो. पुणे जिल्ह्यातील खेड, आंबेगाव तालुक्यांत, विशेषतः सातगाव पठारावर, हा भेद तीन टप्प्यांत दिसतो.

१. बेणे : येथील बेणे मुख्यतः पंजाबातून मंचरच्या बाजारात येते. सेंद्रिय बेणे न मिळाल्यास प्रक्रियारहित बेणे घेण्याची सवलत आहे. पण मग रोगट बेण्यावर निवड हाच मुख्य बंदोबस्त उरतो.

२. पोषण : सुमारे तीन महिन्यांच्या या पिकाला नत्र आरंभीच लागते. युरिया ते तत्काळ देतो. शेणखत हळूहळू देते. म्हणून पूर्ण कुजलेले शेणखत आणि हिरवळीचा ताग लागणीपूर्वीच जमिनीत मिसळावे लागतात.

३. संरक्षण : करप्यावर सेंद्रिय पद्धतीत ताम्रयुक्त बोर्डो मिश्रणाचा केवळ मर्यादित वापर चालतो. बटाट्यावरील पाकोळी १९०६ च्या सुमारास इटलीच्या बेण्याबरोबर भारतात आली. ती उघड्या पडलेल्या बटाट्याच्या डोळ्यांवर अंडी घालते; तेथून अळी साठवणीत शिरते. म्हणजे वेळेवर दिलेली मातीची भर हे साठवणीचेही पहिले कर्म होय.

साठवणीचे प्रकारही तीन.

१. शीतगृह, २ ते ४ अंश सेल्सिअस : मोड येत नाहीत, परंतु स्टार्चची साखर होते, बटाटा गोडसर लागतो, तळलेले काप काळपट पडतात.

२. शीतगृह, १० ते १२ अंश : साखर फारशी वाढत नाही, परंतु मोड येतात, म्हणून रूढ पद्धतीत क्लोरप्रोफाम या अंकुररोधकाचे धुके सोडतात.

३. आरण : रब्बीचा बटाटा झाडाच्या सावलीत ढीग करून पाचटाने वा गवताने झाकतात. तत्पूर्वी कापलेला, हिरवा, डोळ्याशी अळीची विष्ठा दिसणारा प्रत्येक बटाटा वेगळा काढावा लागतो. एक सडका बटाटा शेजारचे नासवतो. ही साठवण पावसाळ्याच्या तोंडापर्यंतच टिकते.

यावरून निष्कर्ष असा : दीर्घकाल टिकणे, चव न बदलणे आणि रसायनमुक्त असणे या तीन अपेक्षांपैकी या प्रकारांत एका वेळी दोनच पूर्ण होतात. पुण्यातील गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आग्रा, इंदूरचा बटाटा येतो. त्याच्या बारमाही पुरवठ्यामागे शीतगृह असते. चव व रसायनमुक्ती दोन्ही हव्या असणाऱ्या पुणेकराने कालमर्यादा स्वीकारली पाहिजे, आणि किंमत देताना वर्ज्य द्रव्यांपेक्षा आधी केलेले श्रम मोजले पाहिजेत.