१९५६ चे नागपूर : तडजोड, पक्षनिष्ठा आणि धर्मस्वातंत्र्य

खापरखेड्याचे औष्णिक वीज केंद्र आणि त्याच्या आसपासच्या कोळसा खाणी यांमुळे आमच्या येथे देशाच्या नाना भागांतून माणसे येऊन स्थिरावली आहेत. रविवारच्या मिस्साला मराठी भाविकांच्या शेजारी केरळची कुटुंबे बसतात, तशीच छत्तीसगडच्या जशपूर-सरगुजा भागातून आलेली उराव कुटुंबेही बसतात. निवडणुकीचे दिवस आले की मिस्सानंतर अंगणात हमखास एक प्रश्न कानी येतो : "फादर, आपला पक्ष कोणता?" ख्रिस्तसभेचा पक्ष नसतो, हे उत्तर आम्ही देतो आणि ते खरेही आहे. तथापि एवढ्याने विचारणाऱ्याचे समाधान होत नाही. ज्या पक्षाला आपल्या वाडवडिलांनी पिढ्यानपिढ्या मते दिली, त्या पक्षाने आपल्या श्रद्धेचे रक्षण केले का, हे त्याला जाणून घ्यावयाचे असते. या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे आणि त्यातील एक महत्त्वाचे प्रकरण आमच्या गावापासून वीसेक किलोमीटरवर घडले आहे.

आजच्या तरुण पिढीला कदाचित ठाऊक नसेल, की ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत खापरखेडा महाराष्ट्रात नव्हते. ते जुन्या मध्यप्रदेशात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. ज्या विधानभवनात आज हिवाळी अधिवेशन भरते, तेथेच त्या राज्याची विधानसभा बसत असे. जशपूर, सरगुजा आणि रायगड ही संस्थाने १९४८ मध्ये विलीन होऊन याच राज्यात आली होती. त्यामुळे आमच्या मराठी व उराव भाविकांचे आजोबा तेव्हा एकाच सरकारचे प्रजाजन होते.

प्रथम राज्यघटनेकडे वळू. घटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्म मानण्याच्या व आचरण्याच्या हक्काबरोबर धर्माचा प्रसार करण्याचाही हक्क आहे. हा शब्द तेथे सहजासहजी आलेला नाही. १९४७ मध्ये अल्पसंख्याकविषयक उपसमितीत ख्रिस्ती प्रतिनिधींनी त्याचा आग्रह धरला. या उपसमितीचे अध्यक्ष डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी स्वतः ख्रिस्ती होते आणि संविधान सभेचे उपाध्यक्षही होते. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली, तेव्हा लोकनाथ मिश्र यांनी या शब्दाला कडाडून विरोध केला. त्याच्या बाजूने उभे राहिले ते टी. टी. कृष्णम्माचारी आणि कन्हैयालाल मुन्शी. प्रसार हा ख्रिस्ती श्रद्धेचा अविभाज्य भाग आहे आणि त्याविषयी झालेल्या तडजोडीचा सर्वांनी मान राखावा, असे मुन्शींचे प्रतिपादन होते. कृष्णम्माचारींनी दाखवून दिले की हा हक्क एकट्या ख्रिस्ती लोकांचा नाही. आर्यसमाजासही तो तितकाच मोकळा आहे.

दुसऱ्या बाजूनेही त्याग झाला. मे १९४९ मध्ये विधिमंडळांतील धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा रद्द करण्यात आल्या, तेव्हा डॉ. मुखर्जी आणि फादर जेरोम डिसोझा यांच्यासारख्या ख्रिस्ती सभासदांनी त्यास मनापासून साथ दिली. राखीव जागांचे कवच नको, बहुसंख्याकांच्या सद्भावनेवर आमचा विश्वास आहे, अशी ती भूमिका होती. आमच्या मते ही तडजोड सन्मानाची होती. यात कोणी कोणाची सदसद्विवेकबुद्धी विकत घेतली नाही. एका बाजूने संरक्षण सोडले आणि दुसऱ्या बाजूने स्वातंत्र्याची हमी दिली. मात्र अशी तडजोड कागदावर उतरली म्हणजे संपत नाही. ती रोज पाळावी लागते, आणि सत्ता ज्याच्या हाती असते त्याच्यावर ती पाळण्याची जबाबदारी अधिक असते.

घटना अमलात येऊन पाच वर्षेही झाली नव्हती, तोच या हमीची कसोटी नागपुरात लागली. पंडित रविशंकर शुक्ल यांच्या काँग्रेस सरकारने १४ एप्रिल १९५४ रोजी ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी हे तिचे अध्यक्ष होते. सदस्यांमध्ये आर्यसमाजाचे नेते घनश्यामसिंह गुप्त होते. ख्रिस्ती सदस्य एकच : वर्ध्याचे प्राध्यापक एस. के. जॉर्ज.

समिती नेमण्यामागे केवळ धर्माचे कारण नव्हते, हे ध्यानात घेतले पाहिजे. विलीनीकरणापूर्वी रायगड, सरगुजा यांसारख्या संस्थानांत धर्मांतरावर निर्बंध घालणारे कायदे होते. घटनेने ते बंधन सैल झाले आणि उराव वस्त्यांत ख्रिस्ती होणाऱ्यांची संख्या वाढली. त्याच सुमारास जयपालसिंह यांचा झारखंड पक्ष वेगळ्या आदिवासी राज्याची मागणी करीत होता. ख्रिस्ती झालेला आदिवासी आपल्या पक्षाकडून दुरावेल आणि राज्यातूनही फुटेल, अशी भीती सत्ताधाऱ्यांना वाटत होती. समितीच्या अहवालातही मिशनकार्याचा संबंध या मागणीशी जोडलेला दिसतो. ज्या ठिकाणी मतपेटीची चिंता आणि धर्माची चिंता एकमेकींत मिसळतात, तेथे चौकशीचा सूर निर्मळ राहणे कठीण असते.

समितीने चौदा जिल्ह्यांचा दौरा केला, ११,३६० लोकांशी संपर्क साधला आणि ९९ प्रश्नांची प्रश्नावली काढली. त्यांतील प्रश्नांचा रोख पाहून कॅथलिकांनी सहकार्य थांबविले आणि नागपूर उच्च न्यायालयात दाद मागितली. सरकारला अशी चौकशी करण्याचा अधिकार आहे, असे म्हणून न्यायालयाने एप्रिल १९५६ मध्ये अर्ज फेटाळला. त्याच महिन्यात अहवाल सादर झाला. धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य हेतू आहे अशा परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावे, प्रसाराचा हक्क फक्त भारतीय नागरिकांपुरता ठेवावा, वैद्यकीय सेवेचा धर्मांतरासाठी उपयोग करण्यास कायद्याने बंदी घालावी, सरकारी संमतीवाचून धर्मप्रचाराचे वाङ्मय वाटू नये, अशा त्याच्या शिफारशी होत्या.

याच काळात दिल्लीत काय घडत होते ते पाहण्यासारखे आहे. लोकसभेत काँग्रेसचेच सदस्य जेठालाल जोशी यांनी धर्मांतरितांची नोंदणी व नियमन करणारे विधेयक आणले होते. डिसेंबर १९५५ मध्ये पंतप्रधान नेहरूंनी त्यास विरोध केला. अशा कायद्याने फसवणूक थांबणार नाही, उलट पोलिसांच्या हाती छळाचे साधन येईल, असा त्यांचा आशय होता. विधेयक नामंजूर झाले. म्हणजे एकाच पक्षाचा पंतप्रधान दिल्लीत एक भूमिका घेत होता आणि त्याच पक्षाचे नागपूरचे सरकार नेमक्या विरुद्ध दिशेने चौकशी चालवीत होते. त्या काळी "मी काँग्रेसनिष्ठ आहे" असे म्हणणाऱ्या ख्रिस्ती कार्यकर्त्याने नेमकी कोणाशी निष्ठा राखावी? पक्षाच्या नावाला एकच चेहरा असतो, ही समजूत १९५६ मध्येच खोटी ठरली होती.

येथे आम्हांला आमच्या स्वतःच्या घराकडेही पाहिले पाहिजे. एस. के. जॉर्ज यांना आपल्यातील अनेकांनी घरभेदी मानले. वस्तुतः ते गांधीजींच्या सत्याग्रहाला पाठिंबा देण्यासाठी १९३२ मध्ये कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजातील अध्यापकपद सोडणारे गृहस्थ होते. त्यांचा निष्कर्ष आम्हांस मान्य नाही. पण त्यांनी लाभासाठी सही केली, असे म्हणण्यास आधार नाही. परकीय पैशावरचे अवलंबन, कर्ज आणि शाळा यांच्या आधारे होणारी जवळीक, याविषयी त्या अहवालात जे आक्षेप आहेत, त्यांतील काहींनी आपली झोप उडावयास हवी होती.

त्याहून अवघड गोष्ट पुढची आहे. १९५६ मध्ये आपण नागपुरात धर्मस्वातंत्र्य मागत होतो, तेव्हा आपल्या ख्रिस्तसभेने ते तत्त्व सर्वांसाठी म्हणून अधिकृतपणे स्वीकारलेले नव्हते. १९५३ च्या करारान्वये फ्रँकोच्या स्पेनमध्ये कॅथलिक धर्म हा एकमेव राष्ट्रधर्म मानला गेला होता आणि तेथील प्रॉटेस्टंटांना उघडपणे उपासना करण्याची मुभा नव्हती. अमेरिकन जेज्वीट धर्मपंडित जॉन कोर्टनी मरे हे धर्मस्वातंत्र्याचा पुरस्कार करीत होते; त्यांना याच सुमारास या विषयावरील लेखन थांबविण्यास सांगण्यात आले. पुढे द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी २,३०८ विरुद्ध ७० मतांनी धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या घडणीत मरे यांचा मोठा वाटा होता. त्या जाहीरनाम्याने प्रत्येक मानवाचा हा हक्क मान्य केला आणि दुर्बळ व गरीब यांच्यावर दडपण आणणारा प्रचारही निषिद्ध ठरविला. आपण अल्पसंख्य असू तेथे स्वातंत्र्य मागावयाचे आणि बहुसंख्य असू तेथे ते नाकारावयाचे, ही दुटप्पी नीती आपण स्वतः सोडण्यास नऊ वर्षे उशीर केला. दुसऱ्याच्या दाराशी न्याय मागताना ही आठवण आपणांस नम्र करील.

आता त्याच वर्षाच्या ऑक्टोबरकडे येऊ. अहवालास सहा महिने होत नाहीत, तोच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच राजधानीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. नागपूर अजून मध्यप्रदेशातच होते आणि सरकारही शुक्लांचेच होते. कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही, कोणास नोंदणी करावी लागली नाही. ज्यांना शतकानुशतके मंदिराचे दार बंद होते, त्यांनी आपल्या मनाने आपला मार्ग निवडला. चरित्रकारांनी आणखी एक नोंद केली आहे. त्या सोहळ्यात दीक्षा घेणाऱ्यांत निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. नियोगी हेही होते. धर्मांतरावर कायद्याने बंधन घालावे असे एप्रिलमध्ये सुचविणाऱ्या गृहस्थाने ऑक्टोबरमध्ये स्वतः धर्मांतर केले. यात आम्हांस उपहास करावयाचा नाही. उलट, माणसाच्या अंतःकरणाची हाक आली की त्याला कोणत्याही समितीची संमती लागत नाही आणि लागू नये, याची ही त्यांनीच दिलेली साक्ष आहे, असे आम्ही मानतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि अहवाल भोपाळच्या वाट्याला आला. डिसेंबरअखेर शुक्लांचे निधन झाले. प्रश्न मिटला असे वाटले, पण तो मिटला नव्हता. जुलै १९६७ मध्ये गोविंदनारायण सिंह छत्तीस आमदारांसह काँग्रेसमधून फुटले आणि द्वारकाप्रसाद मिश्रांचे सरकार कोसळले. पक्षांतरातून जन्मलेल्या त्या संयुक्त सरकारने १९६८ मध्ये 'धर्म स्वातंत्र्य अधिनियम' संमत केला. बळ, प्रलोभन व कपट यांनी धर्मांतर करविण्यास बंदी आणि धर्मांतराचा विधी करणाऱ्या धर्मगुरूने जिल्हा दंडाधिकाऱ्यास कळविण्याची सक्ती, हे त्याचे स्वरूप होते. स्वतःचा पक्ष एका रात्रीत बदलणाऱ्यांनी दुसऱ्याच्या धर्मबदलावर पहारा बसवावा, यातील विसंगती वाचकांच्या ध्यानी येईलच.

परंतु दोष एकट्या त्यांना देता येणार नाही. १९६९ मध्ये काँग्रेस पुन्हा सत्तेवर आली आणि रविशंकर शुक्लांचे पुत्र श्यामाचरण शुक्ल मुख्यमंत्री झाले. विरोधकांनी केलेला हा कायदा त्या पक्षाने रद्द केला नाही. उलट न्यायालयात त्याचे समर्थन केले. १७ जानेवारी १९७७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात तो वैध ठरविला आणि प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निर्वाळा दिला. त्या दिवशीही भोपाळमध्ये श्यामाचरण शुक्लच मुख्यमंत्री होते. पुढे जनता पक्षाच्या राजवटीत ओमप्रकाश त्यागी यांनी देशभरासाठी तसेच विधेयक आणले. ख्रिस्ती समाजाने निषेध केला, मदर तेरेसांनीही पंतप्रधान मोरारजी देसाईंना पत्र लिहिले. विधेयक बारगळले, पण तत्त्व पटल्याने नव्हे, तर १९७९ मध्ये सरकारच पडले म्हणून. मध्यप्रदेशात १९६८ च्या कायद्याची जागा २०२१ मध्ये अधिक कडक कायद्याने घेतली.

या सर्वांतून आम्ही काय शिकावे? एक, कोणत्याही पक्षाचे नाव हे आपल्या श्रद्धेचे विमापत्र नव्हे. सत्तेतील पक्ष मतांचा हिशेब मांडतो आणि त्या हिशेबात अल्पसंख्याकांचे स्वातंत्र्य अनेकदा शेवटच्या रकान्यात येते. दोन, यावरून राजकारणच त्याज्य ठरत नाही. तडजोडीवाचून राज्य चालत नाही. जागा, खाती, निधी, सत्तेची मुदत यांची देवघेव करावी. पण माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीची देवघेव करू नये. ती आपल्या मालकीची नसल्यामुळे देऊनही टाकता येत नाही. तीन, पक्षात राहणाऱ्या ख्रिस्ती कार्यकर्त्याने पक्ष चुकतो तेव्हा पक्षाच्या बैठकीतच बोलावे. १९४८ मध्ये मुन्शी आणि कृष्णम्माचारी आपल्या समाजासाठी नव्हे, तर दुसऱ्या समाजाच्या हक्कासाठी बोलले. आपणही बौद्धांसाठी, मुसलमानांसाठी, हिंदूंसाठी आणि आपल्यातून उठून गेलेल्यांसाठीही तसेच बोलले पाहिजे.

हे शेवटचे बोलणे सर्वांत कठीण आहे. आपल्या घरातला मुलगा वा मुलगी ख्रिस्तसभा सोडून दुसऱ्या वाटेने गेली, तर आपण काय करतो? दार लावतो की उघडे ठेवतो? येशू सोडून जाणाऱ्यांच्या मागे दंडाधिकारी पाठविला नाही. राहिलेल्यांनाही त्याने विचारले, की तुम्हांलाही जावयाचे आहे का. धर्मस्वातंत्र्याचा याहून मोठा धडा आम्हांस ठाऊक नाही.

म्हणून पुढच्या निवडणुकीत अंगणात तो जुना प्रश्न पुन्हा आला, तर आम्ही पक्षाचे नाव सांगणार नाही. उमेदवार दाराशी येईल तेव्हा रस्ता, पाणी, खाणीतल्या नोकऱ्या यांविषयी जरूर विचारा, आणि त्याबरोबर एक प्रश्न अधिक विचारा, असे सांगू : ज्याचे मत आणि ज्याचा देव तुमच्याहून वेगळा आहे, त्याच्यासाठी तुमच्याच पक्षात उभे राहून तुम्ही बोलाल काय?