वणव्यानंतरचे वन

लामत्याच्या आसपासचे साग-सालाचे जंगल आपण नित्य पाहतो. ते आपोआप टिकले असे पुष्कळांना वाटते. वास्तविक त्यामागे दीडशे वर्षांहून अधिक काळची राखण आहे.

१८६१ मध्ये मध्यप्रांत स्थापन झाला व नागपूर त्याची राजधानी झाली. आपला बालाघाट जिल्हा १८६७ चा. त्या काळी उन्हाळ्यातील वणवा ही नेहमीचीच गोष्ट समजली जाई. प्रांताच्या वनखात्याचे प्रमुख पीअर्सन यांनी १८६४-६५ च्या सुमारास होशंगाबादजवळील बोरीच्या जंगलात आग रोखण्याचा प्रयत्न सुरू केला. कडेचे गवत साफ करून जाळरेषा आखल्या आणि उन्हाळाभर पहारा ठेवला. प्रयत्न यशस्वी झाला व पुढे इतर प्रांतांनीही हा मार्ग धरला.

यातला धडा साधा आहे. सालाचे रोप जळाले तरी मूळ जिवंत राहते व पावसाळ्यात पुन्हा फुटते. मात्र सलग काही वर्षे आग टळली, तरच त्याचे झाड होते. सालाचे बी जूनच्या सुमारास गळते आणि आठ-दहा दिवसांतच त्याची उगवण्याची शक्ती जाते. म्हणून सालाची लागवड अवघड. तिथे राखण हाच खरा उपाय. सागाचे तसे नाही. वर्षभराच्या रोपाचा शेंडा व मुळे छाटून केलेली जडी पहिल्या पावसात लावली की ती जीव धरते. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या राज्य वन विकास निगमाचा एक प्रकल्प लामत्याच्याच नावाने आहे. सागाची रोपवने हे त्याचे मुख्य काम.

पण आषाढात लावलेल्या रोपाची परीक्षा फाल्गुन-चैत्रात होते. मोहाची फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो आणि वाऱ्याबरोबर आग रोपवनात शिरते. मोहफूल ही गरिबाची मिळकत आहे. त्याला नुसता दोष देऊन भागणार नाही. पाला झाडून बाजूला सारणे, झाडाखाली जाळी बांधणे, हे उपाय गावाने मिळून केले तर फूलही मिळेल आणि वनही वाचेल.

गणेशोत्सवात रोपे वाटण्याची चांगली प्रथा अनेक मंडळांत रुजली आहे. त्याबरोबर उन्हाळ्यातील चार दिवस राखणीला देण्याचा संकल्प आपण बाप्पासमोर करावा. झाड लावणे एका दिवसाचे काम आहे, वन उभे करणे पिढीचे.