बोकड आणि अंड्याचा बलक

भाईंदरमध्ये राहणाऱ्या माणसाने शेळीवर बोलावे, याचे तुम्हाला नवल वाटेल. २००२ साली आमच्या मीरा-भाईंदरची महानगरपालिका झाली, मिठागरांच्या कडेपर्यंत इमारती आल्या. तरी उत्तन-डोंगरीच्या बाजूला गेले की कुंपणावर पुढचे दोन पाय टेकवून पाला ओरबाडणारी एखादी शेळी मला अजून दिसते. तिला पाहिले की एक जुना प्रश्न आठवतो. गायी-म्हशींचे कृत्रिम रेतन खेड्यापाड्यांत पोहोचले. मग शेळीच्या बाबतीत घोडे कुठे पेंड खाते?

उत्तराचा एक भाग उघड आहे. शेळी गरिबाघरची. दोन शेळ्यांसाठी डॉक्टरला कोण बोलावणार? दुसरा भाग मात्र बोकडाच्या शरीरात दडला आहे आणि तो उजेडात आणण्यात एका भारतीय संशोधकाचा वाटा आहे. ही हकीकत आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही.

कृत्रिम रेतनाची कल्पना जुनी. इटलीतल्या स्पालान्झानी या धर्मगुरूने १७८०च्या सुमारास कुत्रीवर हा प्रयोग यशस्वी केला. आपल्याकडे १९३९ साली म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत संपतकुमारन यांनी सुरुवात केली. त्याच सुमारास अमेरिकेत फिलिप्स आणि लार्डी यांना आढळले की, वळूचे वीर्य अंड्याच्या पिवळ्या बलकात मिसळून थंड ठेवले तर शुक्रजंतू काही दिवस तग धरतात. बलकातली लेसिथिनसारखी स्निग्ध द्रव्ये त्यांना थंडीच्या धक्क्यापासून सांभाळतात. १९४९ साली इंग्लंडमध्ये पोल्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लिसरीनच्या मदतीने शुक्रजंतू गोठवून पुन्हा जिवंत केले. बलक आणि ग्लिसरीन! दोन्ही वस्तू बाजारात सहज मिळणाऱ्या. पण दुग्धव्यवसायाचा केवढा डोलारा त्यांच्यावर उभा राहिला.

वळूला मानवलेला बलक बोकडाला मात्र मानवेना. वीर्यात बलक घातला की मिश्रण साकळायचे आणि शुक्रजंतू मरायचे. १९५७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात ए. रॉय यांचा एक छोटा लेख आला. बोकडाच्या वीर्यात आणि त्याच्या काऊपर ग्रंथीत बलक गोठवणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम, असते, असे त्यांनी दाखवले. पुढे जपानमध्ये इरितानी आणि निशिकावा यांनी या विकराचा पाठपुरावा केला. हे विकर बलकातल्या लेसिथिनचा लचका तोडते. त्यातून मेदाम्ले आणि लायसोलेसिथिन सुटतात. हे लायसोलेसिथिन पेशींची आवरणे फोडते. म्हणजे ज्याने राखण करायची, त्याचेच विष होते.

ज्यांच्या नावाने ही ग्रंथी ओळखली जाते ते विल्यम काऊपर लंडनचे शल्यविशारद. त्यांनी तिचे वर्णन १६९९ साली केले. पण फ्रान्सच्या मेरी यांनी ते १६८४ सालीच केले होते. स्वतःच्या वर्णनाच्या एक वर्ष आधी, १६९८ साली, काऊपर यांनी डच शरीरशास्त्रज्ञ बिडलू यांची चित्रे आपल्या ग्रंथात वापरून मोठा वाद ओढवून घेतला होता. नाव कुणाचे राहील, हे विज्ञानातही नशिबावर असते!

यात बोकडाचा दोष काहीच नाही. निसर्गात त्याच्या वीर्याची कोंबडीच्या अंड्याशी गाठ पडणार तरी कधी? ती आपण घालून दिली.

मग उपाय निघाले. वीर्य मिठाच्या सौम्य द्रावणात मिसळून यंत्रात गरगर फिरवायचे, वरचे पाणी टाकायचे आणि खाली बसलेले शुक्रजंतू तेवढे घ्यायचे. फ्रान्समध्ये कोर्तेल यांनी १९७०च्या दशकात ही धुण्याची रीत रुळवली. पण धुण्यात काही शुक्रजंतू वाया जातात, शिवाय एका वेळचे वीर्य असते जेमतेम एक मिलिलिटरच्या आसपास. बलकाऐवजी साय काढलेले दूध वापरावे तर तिथेही अडचण आली. त्याच ग्रंथीतले दुसरे एक विकर दुधातल्या स्निग्धांशातून शुक्रजंतूंना घातक आम्ल सोडवते, हे १९९७ साली फ्रेंच संशोधकांनी दाखवून दिले. कुणी बलकाचे प्रमाण अगदी कमी केले, कुणी सोयाबीनचे लेसिथिन वापरून पाहिले. ब्राझीलमध्ये तर शहाळ्याचे पाणी वापरले गेले. आम्हा कोकणपट्टीतल्या माणसांना हे ऐकून बरे वाटते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कुणी विचारील. २०१९च्या पशुगणनेत देशात सुमारे १४ कोटी ८९ लाख शेळ्या होत्या, पैकी एक कोटीहून अधिक महाराष्ट्रात. गावात जे करडू झपाट्याने वाढते, अंगाने भरते, तेच आधी बाजारात जाते. पैशाची नड असलेल्या घरात दुसरे काय होणार? मागे राहतो तो किरकोळ बोकड, आणि पुढच्या पिढीचा बाप तोच होतो. कित्येकदा आपल्याच बहिणींच्या करडांचाही. शेळी राखणाऱ्या बाईला याचा तोटा सोसावा लागतो, फक्त तो कुठल्या वहीत लिहिला जात नाही. चांगल्या बोकडाचे बीज गोठवून ठेवता आले तर बोकड विकूनही त्याची पैदास चालू राहते.

गायींसाठी हे काम मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला स्थापन केलेल्या ‘बाएफ’ने केले. शेळीसाठी मला फलटणचे नाव घ्यावेसे वाटते. बनविहारी निंबकर यांनी १९६८ साली तिथे निंबकर कृषी संशोधन संस्था सुरू केली. उस्मानाबादी आणि आफ्रिकेतल्या बोअर बोकडांचे वीर्य गोठवण्याची प्रयोगशाळा या संस्थेने उभारली. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनच्या डब्यात बसून ती बारीक नळी गावात पोहोचते. मात्र शेळी माजावर असते जेमतेम दीड दिवस; तेवढ्यात तिची मालकीण आणि रेतन करणारा माणूस यांची गाठ पडावी लागते. ही अडचण विकराहूनही चिवट आहे.