एक कोटी वीस लाखांत एक

लॉस एंजेलिसच्या दक्षिण टोकाला सॅन पेद्रो म्हणून एक भाग आहे. बंदराचा भाग, नुसत्या क्रेन आणि कंटेनर. भारतातून आलेल्या पाहुण्यांना मोठ्या बोटी दाखवायच्या असतील तरच आपली मंडळी तिकडे फिरकतात. पण इथे कायदा शिकणाऱ्या पोरांना सॅन पेद्रो ठाऊक असतं ते तिथल्या एका बोळामुळे.

१८ जून १९६४. सकाळचे साडेअकरा वाजलेले. एक म्हातारी बाई बाजार करून त्या बोळातून घरी चालली होती. एका हातात काठी, मागे वेताची टोपली ओढत, आणि टोपलीत सामानावर ठेवलेली पर्स. वाटेत पडलेलं रिकामं खोकं उचलायला ती वाकली आणि कुणीतरी तिला धक्का देऊन पाडलं. मान वर करून पाहते तो एक सोनेरीसर केसांची तरुणी पळत चाललेली आणि पर्स गायब. पर्समध्ये होते पस्तीस ते चाळीस डॉलर. बोळाच्या तोंडाशी एक गृहस्थ आपल्या हिरवळीला पाणी घालत होते. आरडाओरडा ऐकून त्यांनी पाहिलं, तर पोनीटेल बांधलेली एक गोरी मुलगी धावत येऊन पिवळ्या गाडीत बसली. गाडी चालवत होता एक दाढी-मिशीवाला कृष्णवर्णीय माणूस.

पोलिसांनी काही दिवसांत माल्कम आणि जॅनेट कॉलिन्स या नवराबायकोला पकडलं. तो काळा, ती गोरी, गाडी पिवळी लिंकन. जॅनेट सॅन पेद्रोतच एका घरी कामाला जात असे. झालं, माणसं मिळाली! पण खटला उभा राहिला तेव्हा पंचाईत झाली. म्हातारीला जॅनेट ओळखता येईना. त्या गृहस्थांनी माल्कमला कोर्टात ओळखलं खरं, पण आधी पोलिसांनी ओळखपरेड केली तेव्हा ते साशंकच होते, कारण परेडमधल्या माल्कमला दाढी नव्हती. दाढी मी आधीच काढली होती, असं माल्कमचं म्हणणं. म्हणजे सरकारी वकिलाच्या हातात तसं काही घट्ट नव्हतं.

आता हा वकील काय करतो पहा. तो साक्षीदार म्हणून बोलावतो एका कॉलेजातल्या गणिताच्या शिक्षकाला. शिक्षक ज्युरीला एक सोपा नियम सांगतात: स्वतंत्र घटना एकाच वेळी घडण्याची शक्यता काढायची तर प्रत्येकीची शक्यता घ्यायची आणि सगळ्यांचा गुणाकार करायचा. फासा दोनदा टाकला तर दोन्ही वेळा सहा येण्याची शक्यता छत्तिसात एक. इथवर शिक्षकांचं काहीच चुकलेलं नाही. मग वकीलसाहेब आपले आकडे मांडतात. पिवळी गाडी, दहात एक. मिशीवाला पुरुष, चारात एक. पोनीटेलवाली मुलगी, दहात एक. सोनेरी केस, तिनात एक. दाढीवाला कृष्णवर्णीय, दहात एक. आणि गाडीत बसलेलं काळं-गोरं जोडपं, हजारात एक. करा गुणाकार. एक कोटी वीस लाखांत एक!

हे आकडे आले कुठून? कुठूनच नाही. वकिलाच्या डोक्यातून. शिवाय ज्युरीला तो म्हणाला की हे नुसतं उदाहरण आहे, तुम्ही तुमचे आकडे घाला. वर असंही म्हणाला की माझे आकडे सावधच आहेत, खरी शक्यता अब्जात एक अशी काहीतरी निघेल. 'वाजवी शंकेपलीकडे' हे तत्त्व म्हणजे एक जुनाट, घासून गुळगुळीत झालेली आणि कुणालाच नीट न कळलेली कल्पना आहे, आपलं हे नवं गणित त्याहून बरं, असा त्याचा एकूण सूर होता. बचावाच्या वकिलाने हरकत घेतली, ती फेटाळली गेली. ज्युरीतल्या लोकांनी बराच वेळ खल केला आणि दोघांनाही दोषी ठरवलं.

माल्कमने अपील केलं. ते कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि ११ मार्च १९६८ ला सहा विरुद्ध एक मतांनी शिक्षा रद्द झाली. निकालपत्र न्यायमूर्ती सलिव्हन यांचं. ते अजूनही वाचण्यासारखं आहे. गणित ही आपल्या संगणकयुगातली जादूगार आहे आणि तिची भुरळ न्याय देणाऱ्यावर पडता कामा नये, अशा अर्थाचं त्यातलं वाक्य तर प्रसिद्धच आहे.

पहिले दोन दोष कुणालाही दिसतील असे. आकड्यांना पुरावा नाही, हा एक. दुसरा म्हणजे या गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत. ज्याला दाढी आहे त्याला बहुधा मिशीही असते! दाढी वेगळी, मिशी वेगळी मोजली की तीच गोष्ट दोनदा गुणली जाते.

खरी मेख तिसऱ्या दोषात आहे. घटकाभर धरून चाला की आकडा अगदी बरोबर आहे. कुठलंही एक जोडपं उचललं तर त्याच्यात ही सगळी लक्षणं असण्याची शक्यता एक कोटी वीस लाखांत एक. यावरून वकिलाने काय काढलं, तर हे जोडपं निर्दोष असण्याची शक्यता एक कोटी वीस लाखांत एक. ऐकताना दोन्ही वाक्यं सारखीच वाटतात, पण ती सारखी नाहीत. आपल्या नैयायिकांनी हे फार पूर्वी पाहून ठेवलं होतं. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरं. पण जिथे अग्नी तिथे धूर? तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पहा, अग्नी आहे, धूर नाही. आपल्या रोजच्या भाषेत सांगायचं तर पंढरीच्या वारीला जाणारे बहुतेक लोक मराठी असतात, म्हणून बहुतेक मराठी लोक वारीला जातात असं होत नाही. वाक्य उलटं केलं की आकडा बदलतो, आणि कितीने बदलतो ते एकूण लोक किती यावर ठरतं.

म्हणून कोर्टाने निकालाला चक्क गणिताची पुरवणी जोडली. त्या भागात येऊ शकणारी जोडपी लाखोंनी असतील. समजा ती एक कोटी वीस लाख आहेत. मग अशा लक्षणांचं सरासरी एक जोडपं त्यात निघेल. एक आहे हे तर ठाऊकच आहे, कुणीतरी त्या पिवळ्या गाडीतून पळालंच ना! मग तसंच आणखी किमान एक जोडपं असण्याची शक्यता किती? कोर्टाने हिशोब करून दाखवला, चाळीस टक्क्यांच्या वर. ज्या आकड्याने ज्युरीचे डोळे दिपले, त्याच आकड्यातून चाळीस टक्के शंका बाहेर पडली. एवढ्या शंकेवर माणसाला तुरुंगात पाठवायचं?

आता माझं स्वतःचं एक निरीक्षण. त्या गुणाकारातून शेवटचा आकडा, हजारात एक, काढून टाका. उरतात फक्त बारा हजारांत एक, आणि लॉस एंजेलिससारख्या शहरात त्याने कोण घाबरणार? एक कोटी वीस लाखांचा सगळा डोलारा उभा होता तो एका काळ्या पुरुषाने गोऱ्या बाईशेजारी गाडीत बसण्यावर. कॅलिफोर्नियात अशी लग्नं १९४८ पर्यंत बेकायदा होती आणि साऱ्या अमेरिकेत ती कायदेशीर व्हायला १९६७ उजाडलं. या दोघांचं लग्न झालं होतं २ जून १९६४ ला, मेक्सिकोतल्या तिहुआनात. म्हणजे चोरीच्या सोळा दिवस आधी. समाजाने ज्यांना दुर्मीळ करून ठेवलं, त्यांच्याविरुद्ध ते दुर्मीळ असणं हाच पुरावा झाला. निकालपत्रात हा मुद्दा या शब्दांत नाही. मला मात्र तोच जास्त बोचतो.

असा हिशोब कोर्टात पहिल्यांदा झाला असंही नाही. फ्रान्समध्ये १८९४ साली कॅप्टन ड्रेफ्यूसवर हेरगिरीचा आळ आला, तेव्हा पॅरिस पोलिसांचा तज्ज्ञ बर्तियों याने हस्ताक्षराबद्दल अशीच आकडेमोड केली. अक्षर जुळतं तिथे ते ड्रेफ्यूसचं, आणि जुळत नाही तिथे त्याने मुद्दाम बदललेलं. पकडायला दोन्हीकडून वाट! पुढे आँरी प्वाँकारेसारख्या गणितज्ञाने दाखवून दिलं की बर्तियोंने चार योगायोगांसाठी दिलेली शक्यता ही चारपैकी चार जुळण्याची आहे, आणि या पठ्ठ्याने शोध घेतला होता चाराहून कितीतरी जास्त जागी. ड्रेफ्यूस निर्दोष ठरायला १९०६ साल उजाडलं.

या चुकीचं बारसं मात्र १९८७ साली झालं. विल्यम थॉम्प्सन आणि एडवर्ड शूमन या दोघांनी तिला सरकारी वकिलाचा हेत्वाभास म्हटलं आणि जोडीला बचावाच्या वकिलाचाही एक हेत्वाभास दाखवून दिला. नाहीतर वाटायचं, लबाडी एकाच बाजूला असते! ओ. जे. सिम्प्सनच्या गाजलेल्या खटल्यात त्याच्या वकिलांपैकी ॲलन डर्शोविट्झ यांचा युक्तिवाद होता की बायकोला मारहाण करणाऱ्यांपैकी हजारात एकसुद्धा पुढे तिचा खून करत नाही, तेव्हा मारहाणीच्या पुराव्याला किंमत ती काय? आय. जे. गुड या संख्याशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये 'नेचर'मध्ये उत्तर दिलं: अहो, पण या बाईचा खून झालेला आहे! प्रश्न असा हवा की मार खाणाऱ्या ज्या बायकांचा खून होतो, त्यांतल्या कितींचा नवऱ्याने केलेला असतो. ते प्रमाण हजारात एक कुठलं, निम्म्याच्याही वर जातं.

पण हे सगळं वाचून कुणी शहाणं झालं म्हणावं तर इंग्लंडमधली सॅली क्लार्कची केस समोर येते. सॅली स्वतः वकील, नवराही वकील. पहिला मुलगा डिसेंबर १९९६ मध्ये अकरा आठवड्यांचा असताना अचानक गेला. दुसरा जानेवारी १९९८ मध्ये, आठ आठवड्यांचा. सॅलीवर दोन्ही खुनांचा आरोप आला. कोर्टात सर रॉय मेडो या नामवंत बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं की ज्या घरात कुणी सिगरेट ओढत नाही, कमावतं माणूस आहे आणि आईचं वय सव्विसाच्या वर आहे, तिथे बाळ असं अचानक दगावण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक. दोन बाळं? करा वर्ग. सात कोटी तीस लाखांत एक. ज्युरीला समजावं म्हणून त्यांनी घोड्यांच्या शर्यतीचा दाखलाही दिला.

माझ्यासारख्या कारखान्यात वाढलेल्या इंजिनियरला इथे राहवत नाही. प्लांटमध्ये दोन पंप असतात, एक चालू, एक राखीव. एक बंद पडण्याची शक्यता शंभरात एक, म्हणून दोन्ही बंद पडण्याची दहा हजारांत एक, असं नव्या पोराने लिहून आणलं तर कुठलाही साहेब पहिला प्रश्न विचारेल, दोघांना वीज एकाच फीडरवरून येते का? तीच दोन बाळं एका आईबापांची, एका रक्ताची, एका घरातली. पहिलं ज्या अज्ञात कारणाने गेलं, ते दुसऱ्यालाही लागू असण्याची शक्यता जास्तच. दुसरं म्हणजे, सिगरेट नाही, पैसा आहे, ही कारणं धरून तुम्ही १,३०३ मध्ये एक या सरासरीवरून ८,५४३ वर आलात. पण अशा घरात बाळाचा खून होण्याची शक्यताही कमी नसते का? ती कुणी मोजली?

कारण कोर्टापुढे एका घटनेची दोन स्पष्टीकरणं होती आणि दोन्ही अत्यंत दुर्मीळ. एका आईने आपली दोन तान्ही मुलं मारणं हे काही रोज घडत नाही. तुलना या दोघांत व्हायला हवी होती. सॅलफर्ड विद्यापीठातल्या रे हिल यांनी ती २००४ मध्ये करून पाहिली, तर दोन नैसर्गिक मृत्यूंची शक्यता दोन खुनांच्या साडेचार ते नऊ पट निघाली. तोवर फार उशीर झाला होता. नोव्हेंबर १९९९ मध्ये ज्युरीने दहा विरुद्ध दोन मतांनी सॅलीला दोषी ठरवून जन्मठेपेची वाट दाखवली होती. २००० सालचं पहिलं अपील फेटाळलं गेलं. आकडा चुकला असेल, पण बाकी पुरावा भक्कम आहे, असं न्यायाधीशांना वाटलं. ऑक्टोबर २००१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने जाहीर निवेदन काढून सांगितलं की या आकड्याला संख्याशास्त्राचा आधार नाही. संख्याशास्त्रज्ञांनी असं एखाद्या खटल्याबद्दल उघड बोलणं ही फार क्वचित होणारी गोष्ट.

सॅली सुटली ती जानेवारी २००३ मध्ये, आणि तेही मुख्यतः गणितामुळे नव्हे. धाकट्या बाळाच्या शरीरात जंतू सापडल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांकडे होता, तो त्यांनी बचाव पक्षाला कधी दिलाच नव्हता. सॅलीच्या नवऱ्याच्या खटपटीमुळे तो पुढे आला. आकड्याचा मुद्दा पूर्ण मांडला गेला असता तर बहुधा तेवढ्यावरही अपील मान्य केलं असतं, हे न्यायाधीशांनी या वेळी लिहून ठेवलं. तोवर तिची तीन वर्षांवर तुरुंगात गेली होती. वर्तमानपत्रांनी सात कोटींचा आकडा मथळ्यांत छापला होता आणि तुरुंगातल्या इतर कैद्यांसाठी ती पोटची पोरं मारणारी बाई होती. त्या धक्क्यातून ती सावरली नाही. मार्च २००७ मध्ये अति मद्यपानाने ती गेली, तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती आणि तिचा तिसरा मुलगा शाळेत जात होता.