मांडवा रो-रो बोटसेवा

मुंबईचा भाऊचा धक्का आणि रायगड जिल्ह्यातील अलिबाग तालुक्याचे मांडवा बंदर यांना जोडणारी प्रवासी व वाहन वाहतूक. 15 मार्च 2020 रोजी सुरू झाली. समुद्रमार्गे अंतर सुमारे 10 सागरी मैल असून प्रवासाला पाऊण ते एक तास लागतो; पनवेल-पेणमार्गे रस्त्याने हेच अंतर सुमारे 110 किमी पडते. ग्रीसच्या बेटांदरम्यान गाड्या व माणसे एकत्र नेणाऱ्या बोटींशी महाराष्ट्रात या सेवेचे साम्य सर्वांत जवळचे आहे. तिची पहिली बोट ‘प्रोटोपोरोस’ ही ग्रीसमध्येच बांधलेली होती.

पूर्वपीठिका : भाऊचा धक्का हे नाव 19 व्या शतकात धक्का बांधणाऱ्या लक्ष्मण हरिश्चंद्र ऊर्फ भाऊ अजिंक्य यांच्यावरून रूढ झाले. पुढे येथून आगबोटी कोकणातील बंदरांना जाऊ लागल्या. बहुतेक ठिकाणी खोल पाण्यात बांधलेला धक्का नसल्याने बोट किनाऱ्यापासून दूर नांगरत असे आणि उतारू व सामान पडावातून किनाऱ्यावर आणले जाई. पावसाळ्यात लांब पल्ल्याची ही वाहतूक बंद राही. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटून सहाशेहून अधिक प्रवासी बुडाले. महामार्ग सुधारले, कोकण रेल्वे आली आणि लांब पल्ल्याची बोट वाहतूक मागे पडली. गेट वे ऑफ इंडिया–मांडवा लाँच व कॅटमरान, गेट वे–घारापुरी लाँच आणि भाऊचा धक्का–रेवस लाँच ही वाहतूक मात्र टिकली.

बोट व धक्का : रो-रो बोटीचा तळ सपाट व रुंद असतो. तिचा रॅम्प धक्क्यावर टेकला की मोटारी, दुचाकी, बस स्वतःच्या चाकांवर आत येतात आणि पलीकडे तशाच बाहेर पडतात. प्रवासी वरच्या मजल्यावर बसतात. ‘प्रोटोपोरोस’ची क्षमता चांगल्या हवामानात सुमारे 1,000 प्रवासी व 200 मोटारींची सांगितली गेली. अशा बोटीला रॅम्प टेकवण्यापुरते स्थिर पाणी लागते. मांडवा उघड्या समुद्राकडे तोंड करून असल्याने तेथे लाटा अडवणारी भिंत व नवी जेट्टी बांधल्याशिवाय ही सेवा शक्य नव्हती. ते काम महाराष्ट्र सागरी मंडळाने केले. मुंबईच्या बाजूचे टर्मिनल मुंबई बंदराच्या हद्दीत आहे.

ऋतुमान : ग्रीसच्या एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये ‘मेल्टेमी’ हे उत्तरेचे वारे जोराने वाहतात. ऐन पर्यटन हंगामातच वाहत असल्याने त्यांच्यामुळे बोटी अडकतात. कोकणात अडथळा नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा असतो. गेट वे–मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असतात; रो-रो बोट जड व मोठी असल्याने ती त्या काळातही चालवली जाते, मात्र समुद्र फार खवळला की फेऱ्या रद्द होतात. धोका पावसाळ्यापुरताच नसतो : सेवा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, 14 मार्च 2020 रोजी, मांडव्याजवळ एक प्रवासी बोट बुडू लागली होती. गस्तीवरील पोलिसांच्या बोटीने 88 प्रवाशांना वाचवले. सेवा सुरू झाल्यावर काही दिवसांतच टाळेबंदीमुळे रो-रो थांबली आणि ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झाली.

उपयोग व मर्यादा : अंतर वाचते ते मुख्यतः दक्षिण व मध्य मुंबईकरांचे. अंबरनाथच्या बुवापाड्यासारख्या वस्तीतून अलिबागला निघालेल्याला तळोजा, पनवेल, पेण, वडखळ हाच रस्ता सरळ पडतो. बोटीसाठी त्याला आधी मध्य रेल्वेने मुंबईत उतरून धक्का गाठावा लागतो. हा उलटा फेरा घातल्यावर समुद्रातील बचत उरत नाही. शनिवार-रविवारी व सणासुदीला मात्र अलिबागच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागतात आणि रो-रोचे महत्त्व वाढते. 12 जानेवारी 2024 रोजी उद्घाटन झालेल्या शिवडी–न्हावाशेवा अटल सेतूने (21.8 किमी) रस्त्याचा पर्याय आणखी जवळ आणला. रेवस–करंजा पूल झाल्यावर उरणहून अलिबागला धरमतर खाडी ओलांडूनच जाता येईल.

इतर सेवा : वाहने नेणाऱ्या फेरीबोटीचा कोकणातील यशस्वी प्रयोग याआधी 2003 मध्ये वाशिष्ठी नदीच्या मुखावर दाभोळ–धोपावे दरम्यान झाला होता. तेथे खाडी अरुंद आणि लाटांपासून सुरक्षित असल्याने साधा उतरता धक्का पुरला. मुंबई–जयगड–विजयदुर्ग या लांब पल्ल्याच्या रो-रोची चाचणी सप्टेंबर 2025 मध्ये झाली. जयगड व विजयदुर्ग या दोन्ही बंदरांचा पूर्वी आगबोटीच्या मार्गांत समावेश होता.